दुसऱ्या घंटेनंतर दार बंद

मु. पो. पुणतांबा,
सोमवार, सकाळचं

तीर्थरूप काकासाहेब पाव्हने यांना रंभाजीचा येशूच्या नावानं सलाम. (तीर्थरूप का तीर्थस्वरूप, ते मला ठावं न्हाई. माझी शाळा चौथीत सुटली. जे बसंल ते तुमी लावून घ्या.) तुमी माझ्या बायकोचं थोरलं भाऊ, म्हून एवढं तरी लिवलं, एरवी मला ह्या लांबडीचा कंटाळा हाय. ओंकारला आन् सूनबाई सविताला आशीर्वाद. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ते कळालं. डाक्टरनं महिनाभर वाचू नगा, वाकू नगा, टीव्ही बघू नगा आसं सांगितलंय म्हनं. ते पाळा. तुमच्या घरान्यात सांगितल्यालं पाळायची सवय न्हाई. (न्हवती, आसं म्हनतो. आता एका मानसाला लई लागलीय, ते पुढं येईल.) नियम म्हंजे नियम, मग डोळ्याचा आसू द्या न्हाईतर देवाचा.

फोन का न्हाई केला म्हनाल, तर केला की. तुमचा फोन तुमच्या सेवेला आल्याली तुमची बहीन भागिरथी उचलती. मी इचारतो, कसं हाय? ती म्हन्ती, बरं हाय. काकासाहेब कसं हायेत? बरं हायेत. मग मी हितं बसून तुमच्या टीव्हीचा आवाज ऐकायचा. (डाक्टरनं टीव्ही बंद सांगितलाय ना? मग लावतंय कोन?) म्हून ह्ये पत्र. कागदावर मला कुनी मधी तोडत न्हाई. आता मुद्द्याचं सांगतो. मी लई काळजीत हाय. तुमची बहीन माझं सगळं ऐकाय लागलीय. हासू नगा. पहिल्यापासून सांगतो, मग बघू कसं हासता.

गेल्या पावसाळ्यात आमच्या ख्रिस्ती मंडळीचं थोरलं पंच पोराकडं पुण्याला राह्याला गेलं आन् देवळाची किल्ली माझ्याकडं आली. आमच्या देवळाची तऱ्हा तुमी बघितलीय. पहिली घंटा झाली की लोक आंघोळीला जात्यात, दुसरी झाली की च्या ठेवत्यात, आन् पाळकांनी प्रार्थनेला डोळं मिटलं की एकेक जन आत सरकतो, म्हंजे डोळं उघडल्यावर पाळकांना वाटावं, मानसं देवानंच धाडली. मोबाईल वाजत्यात. एकदा तर शेळी आली, पार म्होरच्या टेबलापतूर गेली, आन् कुनी हाकलली न्हाई, कारन ती कुनाची ह्येच्यावरच वाद लागला. मला ह्ये खपत न्हाई. मी शुगर फॅक्टरीच्या गेटावर जल्म काढला. भोंगा झाला की गेट बंद, मग साहेब आसू दे न्हाईतर साहेबाचा मेव्हना. देवाचं काम काय फॅक्टरीपेक्षा हलकं हाय? म्हून मी देवळाच्या भिताडावर नियम लिवून घेतलं, हनुमंत पेंटरकडून. (त्यो टेम्पो रंगवतो, पन अक्षर झ्याक.) चपला भायेर. मोबाईल बंद. बायांच्या डोक्यावर पदर. उपासना चालू आसताना जागा सोडू नये. आन् सगळ्यात मोठ्या अक्षरात, दुसऱ्या घंटेनंतर दार बंद. हनुमंतानं सवयीनं दोन्ही अंगाला मोर काढलं आन् खाली 'आईचा आशीर्वाद' लिवून टाकलं. ते तसंच हाय, पुसायला रंग उरला न्हाई. आमचं सचिन पाळक, तरनं पोरगं, नगरला शिकल्यालं, त्येनं लई येळ भिताडाकडं बघितलं आन् म्हनलं, "तात्या, अक्षर छान आहे." मी त्येला होकार समजलो.

तर त्यो रविवार. त्या दिशी प्रभुभोजन हुतं. तुमाला ठावं हाय, प्रभुभोजनाची रोटी आमच्याकडं भागिरथीच करती. लगीन हून आली तवापासून. पाळक येत गेलं, जात गेलं, रोटी तिचीच. गव्हाची, बिनखमिराची, तव्यावर भाजून, धुतल्या फडक्यात बांधून ती सोता घिऊन जाती, दुसऱ्या कुनाच्या हाती दित न्हाई. मी घंटा बडवायला म्होरं गेलो, ती मागनं निघाली. वाटंत फॅक्टरीच्या रस्त्याला ऊसतोडीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्या पडल्यात. तिथं धनश्री म्हून एक पोर हाय, पाथर्डीकडली, पहिलटकरीन. नुकतंच बाळ झाल्यालं, आन् ते दूध ओढंना. रडून रडून निळं पडाय लागलं. सासू फडात ऊस तोडाय गेल्याली. भागिरथी तिथं वाकली ती वाकलीच. मान कुठं धरायची, आंगाशी कसं घ्यायचं, समदं तिनं दाखवलं आन् बाळ लागल्यावरच उठली. (ह्ये मला तिनं सांगितलं न्हाई. तिनं काईच सांगितलं न्हाई. मला मागनं कळालं, कसं ते पुढं येईल.)

हिकडं दुसरी घंटा झाली. मी दार लावलं, कडी घातली. पहिलं गीत चालू हुतं तवा दार वाजलं. एकदाच. मी फटीतनं इचारलं, कोन? म्हन्ली, मी. मी म्हन्लं, दुसरी घंटा झाली. आता समदी मंडळी माझ्याकडं बघत हुती, काकासाहेब, बारकी पोरं बी. बायकोला उघडलं तर उद्या दुसऱ्याला कोनत्या तोंडानं आडवू? मला वाटलं, ही आता भांडंल, दार बडवंल, मग मी रागानं उघडीन, म्हंजे नियम बी राहील आन् ती बी आत येईल. तुमच्या बहिनीनं माझ्याशी आजवर एवढं तरी सांभाळून घेतलं हुतं. पन त्या दिशी ती निस्ती म्हन्ली, "बरं." तुमच्या घरान्याचा त्यो 'बरं' तुमी वळखता. त्येच्यापरीस शिवी परवडती.

जे माझ्या ध्येनात आलं न्हाई ते सचिन पाळकाच्या टेबलापाशी ध्येनात आलं. त्येनं वरचं फडकं उचललं तर पेला हाय आन् ताट रिकामं. त्येनं मंडळीकडं बघितलं, मंडळीनं माझ्याकडं, मी कडीकडं. प्रभूची रोटी भायेर, लिंबाखालच्या ओट्यावर, माझ्या बायकोच्या मांडीवर, आन् आमी समदे येळेवर आल्याले आत बिनरोटीचे. मी दारापाशीच हुभा हुतो. हात लांब केला आस्ता तर झालं आस्तं. पन हात काय लांब व्हईना. मग पाळकानं पेला उचलला, मागल्या खोलीच्या दारानं भायेर गेला, आन् त्येच्या मागं समदी मंडळी चपला शोधत गेली. धाकला पंच अंगद बी गेला, ज्येला मीच पंच केला. मी आतच राह्यलो. उपासना चालू आसताना जागा सोडू नये, आसं भिताडावर लिवल्यालं, आन् पाळनारा मी येकटाच उरलो हुतो. भायेरनं गीत ऐकू येत हुतं. लई ग्वाड म्हनत हुते, मेले. आत कधी तसं म्हनत न्हाईत. मागनं कळालं, एक तुकडा उरला हुता आन् पाळक म्हनला, तात्यांना खिडकीतून देऊ का? तवा ही म्हन्ली, "खिडकीतनं नगा दिऊ. त्येंच्या नियमात बसायचं न्हाई."

घरी आलो ते भांडनाची तयारी करूनच. पन तिनं जेवायला वाढलं, पदर सारखा केला आन् म्हन्ली, "घरातलं नियम बी एकदा सांगून ठिवा, म्हंजे माझ्याकडनं चुकायचं न्हाई." मी येडा. मला वाटलं, बाई सुधारली. सांगितलं की! च्या सकाळी सहाला. जेवान येळेवर. मी भायेर निघालो की उगं मागनं इचारायचं न्हाई. माझ्या वस्तूंना हात लावायचा न्हाई. आन् डाक्टरनं मला साखर बंद सांगितलीय, ती बंद म्हंजे बंद.

तवापासनं तिनं एक नियम मोडला न्हाई, काकासाहेब. सहाला च्या, बिनसाखरंचा. आता खरं सांगतो. साखर बंद झाल्यापासनं ती माझ्या च्यात गुळाचा इतकुसा खडा टाकायची, मला दिसू नये म्हून पाठ करून. मला दिसायचं. मी वरडायचो आन् प्यायचो. आता त्यो खडा बंद. मी निघालो की "कानाला बांधा, गोदावरीवरनं वारं सुटलंय" करत दारापतूर मागं यायची, आता दारात कुनी न्हाई. दुधाच्या पातेल्याची खरवड माझ्यासाठी वाटीत काढून ठिवायची, आता पातेलं घासून पालथं, कारन 'जेवान येळेवर' ह्येच्यात खरवड कुठं बसती? भाकरी थापताना गीत म्हनायची. सूर म्हनून कधी लागला न्हाई तिचा, लगीन झाल्यापासनं मी म्हनतोय, गप बस. आता गप हाय. येक घोरनं तेवढं जुनं राह्यलंय, कारन त्येचा नियम मी केला न्हाई. (चढाला लागलेल्या टेम्पोगत घोरती. ह्ये तिला सांगू नगा.)

मी आपल्या परीनं भांडाय बघितलं. वला टावेल बाजंवर टाकला, तिनं चिमट्यानं उचलून वाळत घातला, हात लावला न्हाई. चपला घालून पार चुलीपतूर गेलो. आधी आसं केलं आस्तं तर सोयरीक मोडायची येळ आली आस्ती. तिनं बघितलं आन् म्हन्ली, "चपलांचा नियम देवळातला हाय. घरचा तुमी सांगितला न्हाई." डाळ खारट म्हन्लं, खारट न्हवती, तरी दुसऱ्या दिशी बिनमिठाची आली आन् मिठाची वाटी ताटाशेजारी. आता आसल्या बाईची तक्रार कुनाकडं करायची? पोलीस पाटलाकडं जाऊन काय सांगू, बायको ऐकती म्हून?

शेवटी सचिन पाळकाकडं गेलो. त्येला समदं सांगितलं, च्याचं बी, खरवडीचं बी. ते पोरगं इतकं हासलं की चष्मा काढून डोळं पुसाय लागलं. म्हनलं, "तात्या, बायको ऐकत नाही म्हणून येणारे पुष्कळ पाहिले. तुमच्यासारखे तुम्हीच." मग चष्मा लावला आन् म्हनलं, "तुमच्याबद्दल देवाचीही हीच तक्रार असेल बघा. सगळं वेळेवर, सगळं चोख, आणि गुळाचा खडा कुठंच नाही." मला राग आला. म्हन्लं, देवाला काय शुगर हाय का? आन् उठून आलो. पन वाटंनं येताना त्यो खडा दातात अडकल्यागत झालं, काकासाहेब. अजून निघंना. मी देवाला कधी उशीर केला न्हाई, कधी दानाच्या पैशाला चुकलो न्हाई, कधी बिडीला हात लावला न्हाई. पन त्येच्याशी उगं बोलत बसलो, आसं काय मला आठवंना.

तेवढ्यात तुमच्या डोळ्याचा निरोप आला. ती म्हन्ली, "जाऊ का?" आता ह्या बाईनं जल्मात कधी 'जाऊ का' म्हन्लेलं न्हाई. पिशवी भरून झाली की 'निघाले' म्हनायची, आन् मी मागनं वरडत टेशनापतूर पिशवी न्यायचो. मी म्हन्लं, जा. कधी येशील? म्हन्ली, "तुमी सांगाल तवा." हितं माझी गोची झालीय. मी 'ये' म्हन्लं तर ती येईल. पहिल्या गाडीनं येईल. सहाला च्या मिळंल, बिनखड्याचा. मला त्यो च्या नगं हाय. आन् 'ये' न म्हनावं तर ती येनार न्हाई. तुमच्या डोळ्यात थेंब टाकायला सविता हाय, ओंकार हाय, मग ती अजून तिथंच का हाय? माझ्या सांगन्याची वाट बघतीय, का आता सांगितलं तरी तिला माझं घर नगं झालंय? ह्ये मला कळंना आन् इचारायचं धाडस व्हईना. जेवान जात न्हाई. (भाकरी मीच थापतो, ते बी येक कारन हाय.)

काल तर कहर झाला. भाकरी करून, भांडी घासून निघायला मला उशीर व्हनार म्हून मी पहाटंच देऊळ उघडून ठिवलं आन् घंटा अंगदवर सोपवली. कोप्यांपाशी आलो तर धनश्री पळत आली. मावशी कुठं हायेत, दिसत न्हाईत? मी म्हन्लं, कोन मावशी? मग तिनं समदं सांगितलं, रोटीचं फडकं शेजारी ठिवून मावशी कशी वाकली, बाळ कसं लागलं, आन् मावशी सारखी म्हनत हुती, घंटा हुईल, घंटा हुईल, पन उठली न्हाई. मग ती पोर म्हन्ली, "तात्या, जरा धरा, चुलीवर दूध हाय," आन् ते बाळ माझ्या हातात. त्येनं माझ्या खिशातल्या किल्लीचा दोरा धरला आन् झोपलं. तेवढ्यात पहिली घंटा झाली. मग दुसरी. मी हुभा. आता काय करू? घंटा झाली म्हून हातातलं बाळ खाली टाकता येत न्हाई, ह्ये मला ह्या वयात कळालं. वर बाळ मुतलं.

वला सदरा घिऊन देवळाशी आलो तर दार बंद. मी वाजवलं. आतनं अंगद, कोन? म्हन्लं, आरं मी. त्यो म्हनतो, "ते कळालं, तात्या. दुसरी घंटा झाली." त्येला मीच तयार केलाय, चांगला तयार झालाय. बसलो ओट्यावर, ती बसली हुती तिथंच. वाट बघितली, कुनीतरी येईल भायेर. तिच्यासाठी समदी मंडळी आल्ती. माझ्यासाठी ती शेळी आली. ओट्याच्या डाव्या अंगाला मुंगळ्यांचं बीळ हाय, ते बी आले. पन येक सांगतो, लिंबाखाली वारं बरं लागतं, आन् आतलं गीत भायेर चांगलं ऐकू येतं. मी थोडं म्हन्लं बी. कुनी ऐकाय न्हवतं म्हून.

आसं हाय समदं. तुमी काई करावं म्हून लिवलं न्हाई, निस्तं कळावं म्हून. माझं हितं उत्तम चाललंय. डोळा जपा, थेंब चुकवू नगा, कांदा चिरत्यात तिथं बसू नगा.

तुमचा,
रंभाजी

ता. क. – ह्ये पत्र वाचून झालं की चुलीत घाला. गॅस आसंल तर गॅसवर धरा. भागिरथीच्या नजरंला पडता कामा नये. खरवडीचं तर आजिबात.

आन् दुसरं. ह्या रविवारी परत प्रभुभोजन हाय आन् रोटी करायला कुनी न्हाई. सचिन पाळक म्हनला, बेकरीचा पाव आणू. मी म्हन्लं, पाव न्हाई चालनार. त्येनं इचारलं, कुठल्या नियमात नाही चालणार? मी म्हन्लं, नियमाचं सोड, मलाच न्हाई चालनार. मग मीच दोनदा करून बघितली. पहिली कौलागत झाली, शेळीनं हुंगून सोडून दिली. दुसरी तव्यालाच राह्यली. तवा तिला नकळत, दुसऱ्याच कशाचं बोलतोय आसं दाखवून, इचारून घ्या. पिठाला तेल लावत्यात का? पानी कोमट का गार? भाजताना ती पुटपुटती, ते निस्तं पुटपुटनं हाय का त्येचं काय कारन आस्तं?

आजून येक. पाकीट चिकटवाय घेतलं आन् हात थांबला. काकासाहेबांना महिनाभर वाचायचं न्हाई. ओंकार दिसभर नागापूरला कंपनीत, सविता तिच्या ड्युटीवर, आन् टपाल येतं दुपारचं. मग ह्ये मोठ्यानं वाचून दावतंय कोन? भागिरथी, तूच ना? आता एवढं परत लिवायला माझ्या बोटांत जोर न्हाई आन् फाडायला मन व्हईना. घोरन्याला टेम्पो लिवलंय ते जास्ती झालं, स्कूटर म्हन. 'ये' आसं मी म्हनत न्हाई. म्हन्लं तर तू येशील, म्हून म्हनत न्हाई. देवळाच्या दाराची कडी सकाळीच काढून आनलीय, ती हितं पत्रापाशी हाय. शेळी आत जाईल, जाऊ दे. गूळ डब्यात हाय, पन मी टाकला तर त्येची चव तशी लागत न्हाई. बाळ बरं हाय, धनश्री वाट बघती. रविवारी तुला रस्त्यात कुनी आडवलं तर वाक खुशाल, मी रोटीसाठी थांबीन. आन् ओट्यावर बसायचंच आसंल तर सावली दोघांपुरती हाय. तू उजव्या अंगाला बस. डावीकडं मुंगळे हायेत, तिथं मी बसतो.